‘प्याला आहे, पण अंमलाखालीं नाहीं!’

गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे एक सुतारीण बाई आपल्या थोरल्या मुलास घेऊन आल्या. त्यांचे धनी सायकलीवरून बाजाराहून घरीं येत असतां मागून आलेल्या जीपनें त्यांस उडविलें, व ते जागच्या जागीं गेले. जीपवाला प्यालेला होता हें चार माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलें, नाकानें हुंगलें आणि पोलिसांपुढें जबाबांत सांगितलें. पण बाईंच्या हातीं डॉक्टरी दाखल्याची जी नक्कल पडली ती इंग्रजींत. गांवांतल्या एका शहाण्यानें ती वाचून सांगितलें, "बाई, डॉक्टरनें त्याला मोकळाच केला आहे. आतां तडजोड करा आणि मिळेल तें पदरांत घ्या." बाई आम्हांस म्हणाल्या, "दादा, तडजोडीचं मागनं बघू. आधी ह्या कागदावर काय लिवलंय त्येवढं खरं खरं सांगा."

कागदावर मुख्य ओळ एकच होती. तिचा मराठी अर्थ असा: "ह्या इसमानें दारू घेतलेली आहे, परंतु तो दारूच्या अंमलाखालीं नाहीं."

वाचकहो, ही ओळ पुन्हां एकदां वाचा. दारू पोटांत गेली, पण तिचा अंमल अंगावर नाहीं, असा हा न्याय! पारावर कोणी असें बोलला तर पोरेंसोरें हंसतील. पण तीच गोष्ट इंग्रजींत आणि शिक्क्यासह लिहिली म्हणजे शहाणीं माणसेंही मान डोलावतात, आणि कुंकू पुसलेल्या बाईस तडजोडीचा उपदेश करूं लागतात. म्हणून आज आम्ही ह्या ओळीची फोड वाचकांपुढें करणार आहों. पिऊन गाडी हांकण्याच्या गुन्ह्यास कायद्यांत कोणते शब्द आहेत, त्या शब्दांच्या फटींतून कोण निसटतो आणि कोण अडकतो, हें घरोघर कळलें पाहिजे. कारण रस्त्यानें पायीं जाणारा, सायकलीवर बसणारा, बैलगाडी हांकणारा आणि रस्त्याच्या कडेला पथारी टाकणारा हा बहुतकरून आपलाच माणूस असतो.

आधीं ही ओळ आली कोठून तें पाहूं. १९३९ सालच्या मोटार कायद्यांत प्रश्न असा विचारला होता कीं, हांकणारा दारूच्या इतक्या अंमलाखालीं होता काय, कीं त्याचा गाडीवर ताबा राहूं नये? सगळें ओझें ‘अंमल’ ह्या एका शब्दावर. अंमल ठरवावा डॉक्टरनें. त्यानें तोंडाचा वास घ्यावा, बोलणें अडखळतें काय तें ऐकावें, चाल पाहावी, डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्या आणि मत लिहावें. अशा दाखल्यावर तीन उत्तरें ठरून गेलीं. एक, दारू घेतलेली नाहीं. दोन, घेतली आहे पण अंमलाखालीं नाहीं. तीन, घेतली आहे व अंमलाखालीं आहे. आमच्या सुतारीण बाईंच्या कागदावर उतरलें तें दुसरें.

पण कायदा तेथेंच थांबला नाहीं. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमांत दारूपुरता ‘अंमल’ हा शब्दच ठेवलेला नाहीं. तेथें एक आंकडा आहे. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक दारू तपासणींत सांपडली कीं गुन्हा झाला. मग तो इसम सरळ रेघेवर चालून दाखवो कीं तोंडपाठ अभंग म्हणून दाखवो! गाडी चालविलीच पाहिजे असेंही नाहीं; चालविण्याचा प्रयत्न केला तरी तेंच कलम लागतें. तेव्हां ‘अंमलाखालीं नाहीं’ ह्या ओळीनें जीपवाला १८५ व्या कलमांतून सुटत नाहीं. ती ओळ म्हणजे काढून टाकलेल्या कुलपाची किल्ली आहे. नव्या कुलपास ती लागत नाहीं. पण ज्यास कुलूप बदलल्याचें ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें ती किल्ली खुशाल खुळखुळवितां येते, आणि तडजोडी करविणारे ती खुळखुळवितात.

येथें आणखी एक घोटाळा आहे. आपल्या राज्यांत १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आहे. त्याच्या ६६ व्या कलमांत दुसराच आंकडा आहे: रक्तांत शेंकडा ०.०५ किंवा अधिक दारू निघाली तर आपण दारूबंदी मोडली नाहीं हें दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. शेंकडा ०.०५ म्हणजे १०० मिलिलिटरांत ५० मिलिग्रॅम. मोटारीचा आंकडा ३०, म्हणजे शेंकडा ०.०३. एकाच रक्तास दोन कायदे आणि दोन मापें! समजा, रक्तांत ४० निघाली. दारूबंदीच्या मापानें ती कमी, आणि मोटारीच्या मापानें गुन्हा. कोणी तुम्हांस सांगेल, "अहो, ०.०५ च्या आंत आहे, कांहीं होत नाहीं." त्यास एवढेंच विचारा कीं, बाबा, हें माप कोणत्या कायद्याचें?

गांजा, अफू, गुंगीच्या गोळ्या ह्यांची गोष्ट तर ह्याहून निराळी. त्यांस १८५ व्या कलमांत आंकडाच नाहीं. तेथें अजून जुनाच प्रश्न उभा आहे कीं, नशेनें गाडीवरचा ताबा जाण्याइतका अंमल होता काय? म्हणून अशा खटल्यांत डॉक्टरच्या मतास मोल आहे, आणि दारूच्या खटल्यांत आंकड्यास. हा भेद ज्यानें मनांत पक्का धरला त्यास निम्मा कायदा कळला.

आतां आंकडा मिळतो कसा, आणि हरवतो कसा, तें पाहूं. अंगांत गेलेली दारू शरीर हळूहळू जाळीत असतें. सर्वसाधारण माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तांतून ताशीं सुमारें १५ मिलिग्रॅम दारू कमी होते. ज्याच्या रक्तांत अपघाताचे वेळीं ५० होती त्याच्या रक्तांत दोन तासांनीं २० राहील. म्हणजे दोन तासांत गुन्हेगाराचा साव झाला! ज्याच्या अंगांत १०० होती तोही पांच तासांत २५ वर येतो. सुतारीण बाईंच्या कागदावर आम्हीं वेळ पाहिली. अपघात सायंकाळीं सातला, आणि रक्त घेतलें रात्रीं बारा वाजून गेल्यावर. पांच तास! मधल्या वेळांत काय घडलें, गाडी मिळाली नाहीं कीं डॉक्टर मिळाले नाहींत, तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण पांच तासांत सुमारें ७५ मिलिग्रॅमांचा पुरावा आरोपीच्या अंगांतच विरून गेला एवढें खास. मागचा हिशेब मांडून दाखविण्यास तज्ज्ञ लागतो आणि वकील लागतो. दोघांसही पैसा लागतो, आणि तो कोणाकडे असतो हें सांगावयास नको.

कायदा वेळेविषयीं कांहींच बोलत नाहीं असें नाहीं. २०२ व्या कलमांत असें आहे कीं, ह्या गुन्ह्यांत विनावॉरंट पकडलेल्या इसमाची दोन तासांच्या आंत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे; न झाल्यास त्यास अटकेंतून सोडावें लागतें. हा नियम चांगला आहे. गरीब ड्रायव्हरास उगीच रात्रभर चौकीवर बसवून ठेवूं नये म्हणून तो आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. पण त्यांतला शब्द पाहा. दोन तास मोजावयाचे ते अटकेपासून, अपघातापासून नव्हे. अपघात सातला आणि अटक अकराला झाली, तर रक्त एकला घेतलें तरी नियम पाळला गेला! उशीर झाला कीं त्याचा फायदा प्यालेल्यास. मेलेल्याच्या बाजूनें बोलणारा एकही शब्द त्या नियमांत नाहीं.

शब्दांची आणखी एक फट पुष्कळ वर्षें उघडी होती. १८५ व्या कलमांत पूर्वीं फक्त फुंकण्याच्या यंत्राचें नांव होतें. यंत्र तालुक्याच्या गांवीं नसावें, रक्त तपासलेलें असावें, आणि वकिलानें उभें राहून म्हणावें कीं, कलमांत तर फुंकण्याचें यंत्र आहे, रक्ताची बाटली कोठें आहे? २०१९ च्या दुरुस्तीनें तेथें प्रयोगशाळेंतील तपासणीसह ‘दुसरी कोणतीही तपासणी’ हे शब्द घातले. शिक्षाही वाढविली. पहिल्या वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हां केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय निदान सहा महिने लायसेन्स बंद. चार शब्द घालावयास इतकीं वर्षें लागलीं. तितक्या वर्षांत किती माणसें त्या फटींतून बाहेर पडलीं असतील तें वाचकांनींच मनांत आणावें.

आणि माणूस मेला असेल तर? तेथें तर एका शब्दानें सारा खटला पालटतो. १२ नोव्हेंबर १९०६ नव्हे, २००६ ची गोष्ट आहे. कोणास ती जुन्या काळची वाटूं नये म्हणून मुद्दाम सांगतों. मुंबईंत वांद्र्यास कार्टर रोडवर रस्त्याच्या कामाचे मजूर फुटपाथवर निजले होते. पहांटेच्या अंधारांत एका श्रीमंत तरुणाची मोटार त्यांच्या अंगावरून गेली. सात मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तांत दारू शेंकडा ०.११२ निघाली. सेशन कोर्टानें त्यास ‘हयगयीनें मृत्यू’ म्हणून सहा महिन्यांची कैद दिली. सात माणसें आणि सहा महिने! तेव्हां हायकोर्टानें २००७ सालीं शब्द बदलला आणि ‘सदोष मनुष्यवध’ ठरवून तीन वर्षें दिलीं. सुप्रीम कोर्टानें तें २०१२ सालीं कायम केलें. हयगय म्हणजे चुकून झालें. सदोष मनुष्यवध म्हणजे ह्यानें माणूस मरूं शकतो हें ठाऊक असून केलें. जो पितो आणि मग चाकावर बसतो त्यास हें ठाऊक नसतें काय?

१ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आंकडे बदलले. हयगयीचें कलम १०६ झालें, त्यांत पांच वर्षांपर्यंत कैद आहे. सदोष मनुष्यवधाचें १०५ झालें, आणि ‘ठाऊक असून’ ह्या सदराखालीं दहा वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हां ज्याच्या घरचा माणूस गेला त्यानें फिर्यादीच्या कागदावर १०५ आहे कीं १०६ आहे तें पाहावें, व हांकणारा प्यालेला असल्याचा पुरावा असेल तर १०६ च कां, असें लेखी विचारावें. फिर्यादीची नक्कल फुकट मिळण्याचा हक्क फिर्यादीस आहे, तसाच ज्याचें नुकसान झालें त्यासही आहे. त्यासाठीं कोणास चहापाणी देण्याचें कारण नाहीं.

पुण्याचें प्रकरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेच. १९ मे २०२४ रोजीं रात्रीं कल्याणीनगरांत एका भारी मोटारीनें दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. हांकणारा सतरा वर्षांचा. त्यास त्याच दिवशीं जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट पडली. पुढें रक्ताचा नमुनाच बदलला असा आरोप होऊन सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांस अटक झाली. खऱ्याखोट्याचा निवाडा कोर्टानें करावयाचा. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, आरोप कशाविषयीं झाला तें पाहा. साक्षीदाराविषयीं नव्हे, पंचनाम्याविषयीं नव्हे, रक्ताच्या बाटलीविषयीं. कारण खटल्याचा जीव त्या बाटलींत आहे, हें पैसेवाल्यांस पक्कें ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें आपणांस.

कोणी म्हणेल, शब्दांचा हा घोळ आपल्याच देशांत आहे काय? नाहीं. इंग्लंडांत १८७२ सालीं कायदा झाला कीं, दारूच्या धुंदींत रस्त्यावर गाडी, घोडा, गुरें किंवा वाफेचें यंत्र ताब्यांत ठेवणें हा गुन्हा. १० सप्टेंबर १८९७ रोजीं लंडनांत जॉर्ज स्मिथ नांवाच्या टॅक्सीवाल्यानें पिऊन आपली गाडी एका इमारतीवर घातली. त्यास दंड झाला. तेव्हां आंकडा नव्हता, मतच होतें. नॉर्वेनें १९३६ सालीं प्रथम आंकडा कायद्यांत घातला. इंग्लंडांत तो १९६७ सालीं आला, ८० मिलिग्रॅम, आणि तेथें अजून तोच आहे. स्कॉटलंडानें २०१४ सालीं तो ५० वर आणला.

अमेरिकेंत तर प्रत्येक संस्थानाचीं अक्षरें निराळीं. कोठें डी. यू. आय., म्हणजे अंमलाखालीं हांकणें. कोठें डी. डब्ल्यू. आय., म्हणजे धुंदींत हांकणें. कोठें ओ. यू. आय. व ओ. डब्ल्यू. आय.; त्यांतला ओ. म्हणजे गाडी चालती करणें. पहिलें अक्षर बदललें कीं, कित्येक ठिकाणीं उभ्या मोटारींत इंजिन सुरू करून बसलेलाही सांपडतो. न्यूयॉर्कांत ०.०८ ला मोठा गुन्हा, आणि ०.०५ च्या वर पण त्याहून कमी असेल तर चार अक्षरांचा धाकटा गुन्हा. विस्कॉन्सिनांत पहिल्या खेपेस तो फौजदारी गुन्हाच नव्हे, नुसता दंड. बहुतेक संस्थानांत हद्द ०.०८, म्हणजे आपल्या मापानें ८०. यूटा संस्थानानें २०१८ च्या अखेरीस ती ०.०५ केली. आपली ३०. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेहून व इंग्लंडाहून कडक! पण कागद कडक असून भागत नाहीं, तो वेळेवर बाहेर यावा लागतो. आपल्याकडे लोक नुसतें ‘ड्रंक अँड ड्राइव्हची केस’ म्हणतात आणि तीन शब्दांत सारें आलें असें समजतात. त्या केसमध्यें १८५ आहे कीं १०६ आहे कीं १०५ आहे, हें कोणी विचारीत नाहीं.

आतां पोटापाण्याची गोष्ट. अपघाताची खबर लागल्यावर पोलिसांनीं दावा न्यायाधिकरणाकडे तीन अहवाल पाठवावयाचे असतात, असा २०२२ पासूनचा नियम आहे: पहिला ४८ तासांत, मधला ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत. त्यांचींही इंग्रजी अक्षरें आहेत, एफ. ए. आर., आय. ए. आर. आणि डी. ए. आर. हीं तीन नांवें घेऊन चौकीवर विचारणा करावी. जखमीसाठीं मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे; तिच्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा इलाज पैसे न भरतां मिळतो. आणि "हांकणारा प्यालेला होता, म्हणून विमा कंपनी तुम्हांस कांहीं देणार नाहीं," असें कोणी भिवविलें तर भिऊं नका. प्यालेल्यानें स्वतःच्या मोडक्या गाडीची भरपाई मागितली तर कंपनी नाकारूं शकते. सुप्रीम कोर्टानें २०२१ सालीं तसें ठरविलें. पण ज्याचा कांहीं दोष नाहीं त्या मेलेल्याच्या घरच्यांस कंपनीनें आधीं द्यावें आणि मग गाडीवाल्याकडून वसूल करावें, असा निवाडा केरळ हायकोर्टानें २०२३ सालीं दिला आहे. वकिलापुढें हें बोलून दाखवा.

येथवर दुसऱ्यांचे दोष झाले. आतां घरचे बोलूं, नाहीं तर आमचें लिहिणें लबाडीचें होईल. वरातीपुढें नाचून, दोन घोट घेऊन ट्रॅक्टरवर कोण बसतो? ट्रॉलींत बायकापोरें भरून जत्रेहून रात्रीं परत कोण आणतो? ऊस भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारा पोरगा थंडी लागते म्हणून काय पितो? तो आपलाच भाऊ, आपलाच पोर. ट्रॅक्टर ही कायद्यानें मोटारच आहे. तीस तेच ३० आणि तेंच १८५. "मला चढत नाहीं" असें म्हणणारा आणि "अंमलाखालीं नाहीं" असें लिहिणारा, हे दोघे एकच वाक्य बोलतात! ज्या ओळीचा आम्हांस कोर्टांत राग येतो, ती आपण आपल्या ओट्यावर रोज म्हणत असतों. आणि ड्रायव्हरास पाजून "घाल गाडी, मी आहें" म्हणणाऱ्या मालकानेंही ध्यानांत ठेवावें, कीं १८८ व्या कलमाप्रमाणें चिथावणी देणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. किती पेल्यांस ३० होतात हें आम्हांस विचारूं नका. अंग, वय, पोटांतलें अन्न, सर्वांवर तें अवलंबून आहे. चाकावर बसावयाचें असेल त्यानें मोजूंच नये, घेऊंच नये.

सरकारापाशीं आमचें मागणें थोडें आहे. अपघातांत माणूस मेला कीं रक्ताचे तास अपघातापासून मोजा. गाडीच्या खटल्यांतील दाखल्यावरून ‘घेतली पण अंमलाखालीं नाहीं’ ही ओळ काढा आणि तेथें तीन गोष्टी लिहा: अपघाताची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, आणि आंकडा. तो कागद मराठींत असावा, आणि त्याची एक प्रत मेलेल्याच्या घरीं न मागतां पोंचावी. ह्यांत खर्च कसला? शाईचा!

सुतारीण बाईंस आम्हीं सांगितलें तें इतकेंच: ह्या ओळीनें कोणी सुटलेला नाहीं. रक्ताचा आंकडा अजून यावयाचा आहे. बाटली कोठें गेली, कधीं गेली, तिच्यावर सील होतें काय, हें लेखी विचारा आणि अर्जाची पोंच घ्या. आंकडा कमी आला तरी पांच तासांचा उशीर कागदावर आहे, आणि चार जबाब आहेत. ते कोणी पुसूं शकत नाहीं. तोंवर तडजोडीच्या कोणत्याही कागदावर अंगठा नको, सहीही नको. मुलगा दहावीपर्यंत शिकलेला आहे. त्यानें १८५, १०५, १०६ आणि ३० हे चार आंकडे आपल्या वहींत लिहून घेतले. उठतांना बाई म्हणाल्या, "दादा, कागदानं घाबरवलं व्हतं, आता कागदच विचारते." ज्या ज्या घरांत अशी पाळी येईल तेथल्या माणसांनीं हेंच करावें.